२ लाख १४ हजार मैल आणि मिशिगनचं मीठ

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. शेजारच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली त्याचे फोटो तिने व्हॉट्सॲपवर बघितले होते, तर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने जरा दबकतच विचारलं, "तुमचं सगळं बरं चाललंय ना गं तिकडं? नाही, अजून तीच गाडी दिसती फोटोत म्हणून विचारलं." मला तिला फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय, कारण हा प्रश्न मला गावाकडून बऱ्याच जणांनी विचारलाय आणि त्याचं उत्तर एका वाक्यात येत नाही.

गाडी २००५ ची कोरोला. १.८ लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक, रंग एकेकाळी चंदेरी होता. २०१६ मध्ये आम्ही ती ४,८०० डॉलरला घेतली तेव्हा १ लाख २ हजार मैल झालेले, आज मीटरवर २ लाख १४ हजार आहेत, म्हणजे जवळजवळ ३ लाख ४४ हजार किलोमीटर. मी राहते मिशिगनमधल्या यप्सिलांटीला आणि कामाला जाते डेट्रॉईटला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आठवड्यातून तीन दिवस बारा-बारा तासांची शिफ्ट, येऊन-जाऊन ७० मैल, सगळे आय-९४ हायवेवरून. सकाळी साडेपाचला अंधारात निघायचं असतं आणि इकडे बस-ट्रेनचा भरवसा नाही. त्यामुळं ही गाडी हौसेची नाही, सकाळी ती सुरू झाली नाही तर माझी शिफ्ट बुडते.

आणि जुनी गाडी म्हणजे अडचण, असंही इथे नाही बरं का. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय १२.६ वर्षं होतं. नव्या गाडीची सरासरी किंमत २०२५ च्या सप्टेंबरात ५० हजार डॉलरच्या वर गेली आणि कर्जावर घेतली तर महिन्याचा हप्ता सरासरी ७०० डॉलरच्या पुढं. त्यात मिशिगनमध्ये आपल्यासारखं पासिंग नाही. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं, वर ग्रीन टॅक्स, मुंबईत तर टॅक्सी कितीही ठणठणीत असली तरी वीस वर्षांनी बंद, २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली ती याच नियमाने. इथे गाडी तपासायला कुणी येत नाही. सोय वाटते, पण मला त्याची भीतीही वाटते, कारण ब्रेक चांगले आहेत की नाहीत हे बघायची जबाबदारी सगळी आपल्यावर येते आणि शेजारच्या लेनमधल्याने त्याचं बघितलंय की नाही हे कळायला काही मार्ग नाही.

आता खरा विषय, मीठ. इकडे बर्फ पडला की रस्त्यावर खडेमीठ टाकतात, त्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फ धरत नाही, साधारण उणे ९ अंशांपर्यंत ते चांगलं चालतं, त्याच्या खाली थंडी गेली की त्यात दुसरे क्षार मिसळावे लागतात. मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं की डेट्रॉईट शहराच्या खालीच मिठाची खाण आहे! जमिनीखाली सुमारे १,२०० फुटांवर, ४० कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ, आणि आत शंभरेक मैलांचे रस्ते आहेत. मी रोज कामाला जाते त्याच शहराच्या पोटातनं मीठ वर येतं आणि माझ्या गाडीच्या पोटाला लागतं. कोकणातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, रत्नागिरीला आत्याच्या गाडीचे दरवाजे खालून कसे पापुद्रे सुटल्यासारखे झाले होते ते मी लहानपणी बघितलंय. पण तिथे खारी हवा, इथे चार-पाच महिने खारट चिखल थेट खालून उडतो.

लोक मैल विचारतात. मी आता कुणाची जुनी गाडी बघायला गेले तर मैल नंतर बघते, आधी खाली वाकून बघते. इंजिनमध्ये ऑइल वेळेवर घातलं तर इंजिन चालतं हो, बॉडी खालून खाल्ली गेली की मग काही करता येत नाही. आणि एक गोष्ट मला उलटी वाटायची, गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवली की ती जपली जाते असं वाटतं ना, तर चिकटलेला खारट चिखल थंडीत गोठून असतो तेव्हा गंज हळू चालतो, गरम गॅरेजमध्ये तो वितळून ओला राहतो आणि गंज जोरात. म्हणून आमची गाडी बाहेरच उभी असते आणि थंडी जरा कमी होऊन पारा शून्याच्या वर गेला की मी पहिली गाडी खालून धुवून आणते, मग बाकीची कामं.

हे सगळं मी शिकले ते २०२२ च्या फेब्रुवारीत. सकाळ, उणे १४, गाडी ड्राइव्ह-वेमधून मागे घेतली आणि ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली गेलं. लाल दिवा लागला. गाडी थांबली, कारण ब्रेकच्या दोन लाइनी स्वतंत्र असतात आणि एक फुटली तरी दुसरी थोडं काम करते, पण माझे हात-पाय गार पडले. मागच्या चाकाकडे जाणारी स्टीलची बारीक नळी गंजून फुटली होती, बर्फावर ब्रेक ऑइलचा पिवळसर डाग. दहा मिनिटं उशिरा फुटली असती तर मी हायवेवर असते. आजही ब्रेक दाबताना मला तो डाग आठवतो.

समोर राहणारे आजोबा गाड्यांच्या कारखान्यातनं रिटायर झालेले, त्यांनी मला बाहेर नुसती उभी बघितली आणि कोट चढवून आले. त्यांनी खाली वाकून बघितलं, बोटाने नळी दाबली तर दुसऱ्या जागीही पापुद्रा निघाला. ते म्हणाले, एक तुकडा बदलू नकोस, ही फुटली तर दुसरी पुढच्या वर्षी फुटेल, मागच्या दोन्ही बदल, आणि स्टीलची घालू नकोस. मग तांबं-निकेलची नळी आणली, २५ फुटांचं वेटोळं, ती गंजत नाही आणि हाताने वाकते. त्यांच्या गॅरेजमध्ये दोन शनिवार गेले. नळीचं तोंड दोनदा दुमडून फुलवावं लागतं, त्याला एक हत्यार असतं, माझी पहिली तीन तोंडं वाकडी झाली, आजोबांनी न बोलता ती कापून टाकली आणि नळी परत माझ्या हातात दिली. शेवटी ब्रेकच्या नळीतली हवा काढायची, तेव्हा नवरा आत बसला आणि मी खाली, "दाब... धर... धर... सोड" असं तासभर मराठीत चाललेलं आणि आजोबा बाजूला टॉर्च धरून उभे. त्यांना एक शब्द कळत नव्हता तरी बरोबर त्या वेळी ते मान हलवायचे. आणखी एक त्यांनी पक्कं बजावलं, नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली जायचं नाही, आधी स्टँड लावायचे, मग गाडी हाताने हलवून बघायची, मगच खाली. ते मी कधी मोडत नाही.

माझे मामा कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काम करायचे. लहानपणी शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, आणि लोक मोडलेला पार्ट कागदात गुंडाळून घेऊन यायचे. मामा तो हातात फिरवायचे आणि म्हणायचे, "उद्या ये." दुसऱ्या दिवशी नवा बुश तयार. इथे तसं होत नाही, पार्ट गेला की पार्ट बदलायचा, दुरुस्त करणारा हात फार महाग आहे, आमच्याकडे गॅरेजवाले तासाला १४० डॉलर लावतात. पण बघायची नजर तीच लागते हे मला मामांमुळे कळलं.

मागच्या वर्षी पार्किंगमध्ये इंजिनखाली ऑइलचे थेंब दिसायला लागले. एका गॅरेजने न पुसता, न धुता, नुसतं बघून सांगितलं की टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनातल्या चेनवरचं झाकण, उघडावं लागेल, १,१०० डॉलर. मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते तिकडे, पण गाडी म्हटल्यावर उठून बसले. "अगं आधी पूस की सगळं. पुसल्याशिवाय कसं कळंल वरनं येतंय का खालनं? वारा खाली ढकलतोय त्येला." मग मी डिग्रीझर मारून इंजिन स्वच्छ केलं, दोन दिवस चालवली आणि टॉर्च घेऊन बघितलं, तर ऑइल कव्हरातून नाही, त्या चेनला ताणून धरणारा टेन्शनर बाहेरून बसवलेला असतो त्याच्या भोवतीच्या रबरी ओ-रिंगमधून येत होतं. १९ वर्षं तापलेलं रबर, कडक होणारच. १० नंबरचे दोन नट आणि थोड्या डॉलरची एक रिंग! फक्त एक सांभाळायचं, टेन्शनर बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवायचं नाही, चेन दात सोडू शकते, आणि परत बसवताना त्याचा दांडा आत दाबून हुक अडकवून मगच बसवायचा. मी दुपारी एक वाजता सुरू केलं, तीनला संपलं. मामांना फोटो पाठवला तर त्यांनी अंगठा नाही पाठवला, लिहिलं, "आठवड्यानं परत बघ." आठवड्याने बघितलं, कोरडं.

माझ्याकडे एक वही आहे, लांब, लाल पुठ्ठ्याची, कोल्हापूरहून आणलेली, आई दुधाचा हिशोब ठेवायची तसली. त्यात प्रत्येक वेळी पेट्रोल किती भरलं, मैल किती, डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल कुठं होतं हे लिहिते, आणि काही आवाज आला तर तोही लिहिते, कसा येतो, गरम असताना की थंड, वळताना की सरळ. या वयाचं इंजिन थोडं ऑइल खातं, माझं साधारण १,५०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडं कमी, म्हणून दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक बघते. ऑइल खाणं हा मोठा रोग नाही, ते न बघणं हा रोग आहे, कितीतरी चांगली इंजिनं नुसती कोरडी पडून गेलीत. दोन वर्षांपूर्वी वहीत दिसलं की गॅलनला ३१ मैल पडायचे ते तीन आठवड्यांत २७ वर आले. आवाज नाही, दिवा नाही. कामावरून आल्यावर चारी चाकांच्या जवळ हात नेला तर पुढचं उजवं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम, ब्रेकचे पॅड दाबून धरणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून अडकली होती आणि पॅड सतत घासत होता. पिना साफ करून, ग्रीस लावून, पॅड बदलून काम झालं. वही नसती तर मला ते डिस्क खराब झाल्यावरच कळलं असतं.

सगळंच मी करत नाही. शॉकअबसॉर्बरच्या स्प्रिंगला मी हात लावत नाही, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. पुढच्या चाकाचं बेअरिंग प्रेसने बसवतात, ते गॅरेजलाच. पण ते गेलंय हे मी ओळखते, हायवेवर घुमल्यासारखा आवाज येतो आणि डावीकडे वळताना वाढला तर बहुतेक उजवं, कारण वजन तिकडे जातं. इथले खड्डे बेअरिंगला फार वाईट, भेगेत पाणी जातं, गोठून फुगतं, वितळतं, परत गोठतं, आणि मार्चमध्ये रस्ता उखडतो. खड्डे फक्त आपल्याकडेच असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्चमध्ये डेट्रॉईटला यावं.

आणि भंगारचं यार्ड! मुंबईकरांना कुर्ल्याचं जुन्या पार्ट्सचं मार्केट माहीत असेल, पण इथे पार्ट काढून कुणी देत नाही, दोन डॉलर देऊन आत जायचं, आपले पाने आपण न्यायचे, गाड्या रांगेत लोखंडी रिमांवर चढवून ठेवलेल्या, हवं ते आपणच खोलायचं. थंडीत दाराचं हँडल तुटलं होतं ते मी तिथून चंदेरी रंगाचंच मिळवलं. त्या गाडीच्या डिकीत कुणाच्या तरी मुलाचा एकच बूट होता. त्या गाडीचं इंजिन बघितलं, स्वच्छ होतं. खाली बघितलं, सगळं मिठाने खाल्लेलं.

२०२२ पासून टायर सोडून वहीत २,३०० डॉलर लिहिलेत, चार वर्षांत. आईला मी आकडा सांगितला तेव्हा ती गप्प झाली, मग म्हणाली, "पैशाचं नाही गं, तू सुरक्षित आहेस का तेवढं सांग." त्याचं उत्तर मी दर वर्षी ऑक्टोबरात शोधते. २०२५ मध्ये खंडेनवमी १ ऑक्टोबरला होती, तेव्हा सॉकेट सेट, टॉर्क रेंच, स्टँड आणि ती वही पाटावर मांडून पूजा केली, झेंडू अंगणातलाच, इथे तो पहिल्यांदा दव गोठेपर्यंत टिकतो. त्यानंतरच्या रविवारी गाडी वर उचलून खालून सगळीकडे लॅनोलिनचं तेल फवारलं, मेंढीच्या लोकरीतनं निघतं ते, पाणी आणि मीठ लोखंडापर्यंत पोचू देत नाही, दर वर्षी लावावं लागतं आणि वास दोन आठवडे जात नाही.

फवारायच्या आधी हातोडीने ठोकून बघायचं असतं, विशेषतः दाराखालचा पट्टा आणि जिथे जॅक लागतो ती जागा. तिथे आवाज बद्द आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला तर मग गाडी सोडायची हे आमचं ठरलंय, त्यात भावना आणायची नाही. मामांना कॉल लावला होता. डावी बाजू ठोकली, खणखणीत. उजवीकडे मागच्या चाकाच्या पुढे आले आणि मामा म्हणाले, "थांब. तिथं परत वाजव." मी परत वाजवलं. "फोन जरा खाली धर. आता अजून एकदा." मी फोन जमिनीवर ठेवून ठोकलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही, मला वाटलं कॉल कट झाला, आणि मग मामा म्हणाले, "ह्या हिवाळ्याला चालंल. मार्चमध्ये मला परत ऐकव."