हार्डडिस्क मेल्या नव्हत्या

शुक्रवारी गोव्यातल्या म्हापशाचा बाजार. लांबची माणसं त्या दिवशी मिरच्या-मासळीबरोबर बिघडलेले सीपीयूही घेऊन येतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या अशाच एका शुक्रवारी साखळी गावचे एक काका माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले. लग्नं, जत्रेतली नाटकं, भजनं यांचं शूटिंग हा त्यांचा जुना धंदा. काचेचा भलामोठा कॅबिनेट टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "दोन्ही हार्डडिस्क मेल्यात. डेटा तेवढा काढून दे."

मेल्याचं निदान दुसऱ्या एका दुकानातलं. डेटा रिकव्हरीचा आकडाही तिथेच मिळाला होता, आणि तो ऐकून काकांची झोप उडाली होती. शिवाय मशीन एडिटिंग करताना मधेच बंद पडायचं. त्याचं खापरही डिस्कवरच फोडलेलं.

मी डिस्क काढून यूएसबी डॉकवर, म्हणजे मशीनबाहेर डिस्क वाचायच्या स्टँडवर, लावल्या. टकटक आवाज नाही. डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीत, म्हणजे स्मार्ट रिपोर्टमध्ये, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा, शून्य, पेंडिंग म्हणजे संशयित जागाही शून्य. फोल्डर उघडला तर फाइली जागच्या जागी. काकांनी त्यातलं एक नाटक लावायला सांगितलं. नांदीच्या आधी पेटीचा सूर लागला, तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले.

डिस्क परत मशीनमध्ये लावल्या, की गायब. केबल बदलल्या, पॉवरचं कनेक्टर बदललं, फरक नाही. विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बायोसमध्ये पाहिलं तर डिस्क जोडायच्या पोर्टांपैकी साटा 5 आणि 6 ही दोन रिकामी दाखवत होती, आणि डिस्क नेमक्या तिथेच जोडलेल्या. आता केबल किंवा डिस्कवर संशय घ्यायला जागा उरली नाही.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो: शेवटचं काय बसवलं? काका म्हणाले, "काहीच नाही." हे उत्तर मी कधीच खरं धरत नाही. मशीन भाच्याने जोडलेलं होतं आणि भाचा वेर्ण्याला कंपनीत कामाला. जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन लागला. "मामा, सेलमध्ये ती छोटी एसएसडी घेतली नव्हती का? आणि रॅमची दुसरी जोडी. दोन्ही मीच घातलं."

ग्राफिक्स कार्ड एवढं रुंद की त्याच्या पोटाखाली काय आहे ते बाहेरून दिसेना. कार्ड काढलं, तर दुसऱ्या एम.2 स्लॉटवर (छोटी एसएसडी बसवायची जागा) उष्णता शोषणारा पत्र्याचा हीटसिंक आणि खाली नवी कोरी एनव्हीएमई एसएसडी. हीटसिंकच्या थर्मल पॅडवरचं निळं प्लास्टिकसुद्धा सोललेलं नव्हतं. ते सोललं, आणि बोर्डाचं मॅन्युअल डाउनलोड केलं. स्टोरेजच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप होती: दुसऱ्या एम.2 स्लॉटमध्ये काही बसवलं, तर साटा 5 आणि 6 बंद होतील.

त्यात बोर्डाचा दोष नाही. या मशीनमधल्या एएमडीच्या रायझन 5000 मालिकेच्या प्रोसेसरकडे पीसीआय एक्सप्रेसच्या 24 लेन, म्हणजे डेटा नेणाऱ्या वाटा. त्यातल्या 16 ग्राफिक्सला, 4 पहिल्या एम.2 ला, उरलेल्या 4 चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरची बाकीची जोडणी सांभाळणाऱ्या चिपकडे. या बोर्डावरचा बी550 चिपसेट पुढे स्वतःच्या लेन वाटतो, पण दुसरा एम.2, साटा, खालचे स्लॉट, नेटवर्क असे खाणारे अनेक. मग बोर्ड बनवणारे दोन ठिकाणांना एकच वाट देतात. कोणती दोन, हे प्रत्येक बोर्डावर वेगळं.

आम्ही शिकलो तेव्हा भांडणं आयआरक्यूची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या क्रमांकांची, होती. मॉडेम कॉम 3 या पोर्टवर आणि सीरियल माउस कॉम 1 वर असला, की दोघांचा आयआरक्यू 4. नेट जोडायला गेलं की माउस थिजायचा. पण विंडोज 95 निदान डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह तरी दाखवायचं. आता तेही नाही. पोर्ट बायोसच्या पातळीवरच बंद होतं, त्यामुळे तिथे डिस्क जोडलीय हे विंडोजला कळतच नाही, तर ते तक्रार काय करणार?

केबल साटा 3 आणि 4 वर हलवल्या. दोन्ही डिस्क दिसल्या. काका उठून पिशवी उचलायला लागले.

मी थांबवलं. मशीन बंद का पडतं, ते अजून सापडलं नव्हतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर 41 च्या नोंदींची रांग होती. पण ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, कशामुळे ते नाही. ती बघून कित्येकदा बिचारा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलला जातो. मी मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, लावली. काही मिनिटांतच चुकांच्या लाल ओळी.

रॅमची पहिली जोडी एकटी लावली, पास. दुसरी एकटी, तीही पास. चारही पट्ट्या एकत्र 3600 च्या एक्सएमपीवर (खोक्यावर छापलेल्या वेगाची सेटिंग) लावल्या, की चुका. खोक्यावरचं मॉडेल एकच होतं, पण सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये पहिली जोडी ड्युअल रँक (चिप्सचे दोन गट) निघाली आणि दुसरी सिंगल (एकच गट). मुळात या प्रोसेसरला एएमडी अधिकृत वेग 3200 देते, तेही दोन पट्ट्यांवर. चार लावल्या की सिंगल रँकला 2933 आणि ड्युअलला 2667. 3600 हे ओव्हरक्लॉकिंगच, चाललं तर चाललं.

म्हणजे दोन वेगळे बिघाड एकाच सेलमधून घरी आले होते. एकाच दिवशी सुरू झाले म्हणून सगळ्यांनी त्यांना एक समजून डिस्कच्या माथी मारलं.

काका हिशेबी. "पैसे 3600 चे दिले ना?" मी सांगितलं, तुमच्या कामाला 64 जीबी लागते, वेग थोडा कमी चालेल. फास्ट पाहिजे तर एक जोडी परत करा आणि 32 वर भागवा. चवथीचं काम तोंडावर होतं, म्हणून त्यांनी 64 घेतली. एक्सएमपी बंद करून 2667 वर मशीन रात्रभर टेस्टला ठेवलं. पावसात मधेच लाइट गेली, पण दुकानाच्या इन्व्हर्टरने निभावलं. सकाळी चाचणीच्या चारही फेऱ्या स्वच्छ होत्या.

शनिवारी भाचा मशीन न्यायला आला. बिलावर एकही पार्ट नव्हता, नुसती मजुरी. त्याने फोन करून मामाला रक्कम सांगितली, मामाने पन्नास रुपये कमी करायला लावले. निघताना भाचा म्हणाला, पुढच्या महिन्यात कॅप्चर कार्ड घ्यायचंय, खालच्या लांब स्लॉटमध्ये बसेल ना? मी मॅन्युअलचं ते पान त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि म्हटलं, आधी हे वाच, मग ऑर्डर कर.