आमची वाटचाल : औसा रोडवरच्या दोन खोल्या

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं. त्याच वर्षी जूनमध्ये आम्ही दोघी मैत्रिणींनी औसा रोडवर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी तोवर एका महाविद्यालयात सी.एच.बी.वर, म्हणजे तासिका तत्त्वावर, इंग्रजी शिकवत होते, ती घरी शिकवण्या घ्यायची. लातुरात क्लास म्हटलं की डॉक्टर-इंजिनिअरची तयारी. आम्ही आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेची, पाटी लावली तेव्हा घरमालक म्हणाले, "मॅडम, ही कशाची परीक्षा म्हणायची?"

पहिल्या बॅचला नऊ जण होते. सगळे पदवीच्या शेवटच्या वर्षाचे, बहुतेक मराठी माध्यमाचे. बाहेरची विद्यापीठं साधारण 9 पैकी 6.5 बँड, म्हणजे गुण, मागतात, आणि ऐकणं, वाचन, लेखन, बोलणं यांपैकी कुठल्याच भागात 6 च्या खाली चालत नाही. बोलायची भीती महिन्या-दोन महिन्यांत जायची. पोरं अडायची ती वाचनात आणि लेखनात.

यात पहिली चूक आमची होती. आम्ही निबंधाचे साचे पाठ करायला दिले. सुरुवातीची चार वाक्यं तयार, शेवटची तीन तयार, मध्ये विषय भरायचा. पाठांतराच्या जोरावर बोर्ड गाजवलेली मुलं ती, त्यांनी ते चोख केलं. अहमदपूरकडची एक मुलगी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाऊन दोनदा परीक्षा देऊन आली, दोन्ही वेळा लेखनात 5.5. या परीक्षेची फी आज 15 हजारांच्या वर आहे, म्हणजे दोन क्विंटल तुरीचे पैसे. तिचे वडील क्लासवर आले, काहीच बोलले नाहीत, पाणी पिऊन गेले. त्या रात्री आम्ही साच्यांचे सगळे कागद फाडले.

घोकलेली वाक्यं परीक्षकाच्या लगेच लक्षात येतात. तो चार गोष्टी बघतो: विचारलेल्याला उत्तर दिलंय का, मुद्द्याला मुद्दा जोडलाय का, शब्द नेमके आहेत का, व्याकरण कसं आहे. पहिल्या दोन गोष्टी मुलांना मराठीतही कुणी शिकवल्या नव्हत्या. म्हणून आम्ही निबंधाच्या विषयावर आधी मराठीत भांडायला लागलो. "गावातली शाळा बंद करून तालुक्याला मोठी शाळा काढावी का?" यावर अर्धा तास रान उठायचं. मग फळ्यावर एवढंच लिहायचं: तुझं म्हणणं काय, कशावरून, आणि समोरचा काय म्हणेल. इंग्रजी त्यानंतर. 60 मिनिटांत दोन लेखनं असतात, 150 शब्दांचं पहिलं आणि 250 चं दुसरं. दुसऱ्याला दुप्पट वजन, म्हणून 40 मिनिटं त्याची. ती मुलगी तिसऱ्या वेळी 6.5 घेऊन आली.

पहिल्या लेखनात बहुतेक वेळा आलेख किंवा तक्ता असतो. तिथे आम्हाला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, कामी आला. "तूर 500 ने वाढली" आणि "तूर 7500 वर गेली" यात आमचं पोरगं कधीच गफलत करत नाही. तेच इंग्रजीत 'बाय' आणि 'टू' आलं की गडबडतं. आता आलेखाचा पहिला तास बाजारभावावरच होतो. मिलियन म्हणजे 10 लाख हेही तिथेच बसतं. 'द' कुठे लावायचा हे मात्र अजून वर्षभर पुरतं. मराठीत तसला शब्दच नाही, तर कानाला खटकणार कसं?

वाचनाचा धडा मला एका उताऱ्याने दिला. परीक्षेत 60 मिनिटांत तीन उतारे आणि 40 प्रश्न असतात. त्यात विधान खरं, खोटं की 'उताऱ्यात दिलेलं नाही' हे ठरवायचं, आणि या तिसऱ्या पर्यायावर हमखास गुण जायचे. मी मराठीत चार ओळी लिहिल्या: यंदा एका गावाने उसाऐवजी सोयाबीन पेरलं, वगैरे. विधान दिलं: पाणी नव्हतं म्हणून ऊस सोडला. वर्गातल्या सगळ्यांनी 'खरं' लिहिलं. एक जण तर म्हणाला, "मॅडम, दुसरं काय कारण असायलंय?" मी म्हटलं, "उताऱ्यात बोट ठेवून दाखव." बोट फिरत राहिलं, कारण सापडेना. ज्या विषयाची माहिती जास्त, तिथेच चूक जास्त होते. हे त्यांना इंग्रजीतून सांगून पटलं नसतं. आजही प्रत्येक बॅचचा दुसरा दिवस याच चार ओळींचा.

मधली वर्षं भरभर गेली. टाळेबंदीत वर्ग बंद, भाडं चालू. परीक्षा संगणकावर द्यायची वेळ आली तेव्हा जुने सहा संगणक घेतले, कारण डावीकडे उतारा आणि उजवीकडे प्रश्न असं वाचायची सवय वहीवर लागत नाही. टायपिंग हळू असलं की चांगला मुद्दाही अर्धाच राहतो.

परदेशी शिष्यवृत्तीसाठी तयारी करणारी मुलं आता जास्त येतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, निकाल दोनच वर्षं चालतो, अर्जाची तारीख बघून परीक्षा द्या.

उदगीर, निलंग्याच्या मुलांना रोज येणं परवडत नाही. ती रविवारी येतात, आठवड्याचे निबंध हाताने लिहून फोटो पाठवतात. आम्ही दोघी ते छापून घेतो, लाल पेनाने तपासतो आणि तीन दिवसांत परत पाठवतो. हे काम अजून तिसऱ्या कुणाच्या हातात दिलेलं नाही.