कारखाना सांभाळून दहावी: वाचलेलं लक्षात कसं राहिलं

वेंगुर्ल्याजवळ काजूच्या कारखान्यात मी साल काढायचं काम करते. मुलं हाताशी आल्यावर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले. शाळा सुटून वीसेक वर्षं झालेली. दाखला, फोटो, फी हे सगळं पार पडलं. अवघड होतं ते वाचलेलं डोक्यात ठेवणं. इतिहासाच्या पहिल्याच धड्यात देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी युरोपातल्या विचारवंतांची रांग उभी. त्यातला मार्क्स तेवढा मोर्च्यांमुळे कानावर होता.

बहिणीचा मुलगा बी.एड. करत होता. माझं पुस्तक पेन्सिलीच्या रेघांनी भरलेलं बघून म्हणाला, "मावशे, पुस्तक मिट आणि काय वाचलंस ता माका सांग." दोन वाक्यं आली आणि गाडी अडली. मग त्याने अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येतंय असं वाटत राहतं. पेपरात समोर पुस्तक नसतं, हे तेव्हा आठवतच नाही.

तेव्हापासून धडा उघडला की आधी शेवटचा स्वाध्याय वाचायचा. काय विचारणार आहेत ते ठाऊक असलं की नजर आपोआप तिथे थांबते. मग एकच उपशीर्षक वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि मोठ्याने सांगायचं. जे निसटलं तेवढंच परत बघायचं. कारखान्यात हात चालू असतात, तोंड मोकळं असतं, त्यामुळे माझी निम्मी उजळणी तिथेच झाली. शेजारच्या बायकांना रांके कोण हे माझ्याइतकंच पाठ झालं. एक तर विचारायची, "आज तुझो फुको खंय गेलो?"

उजळणी एका दमात करायची नाही, हेही भाच्याचंच. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. थोडं विसरायला लागलं की आठवायला जोर लागतो आणि त्या जोरानेच पक्कं होतं.

भूगोलात मला खरी मजा आली. दहावीला भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवतात. ब्राझीलचं हवामान काही केल्या डोक्यात बसेना. मग लक्षात आलं, समुद्रावरून येणारे वारे तिथल्या अजस्र कड्याला अडतात, किनाऱ्याकडे पाऊस पडतो आणि पलीकडे पर्जन्यछाया, म्हणजे पाऊस कमी. हे तर आपल्या आंबोलीचंच! घाटात धो धो, आणि गडहिंग्लजकडे उतरलं की पाऊस आटोपता. त्या पर्जन्यछायेतला कोरडा भाग म्हणजे अवर्षण चतुष्कोन. ते नाव त्यानंतर कधी गेलं नाही. वर कळलं की काजूचं मूळ ईशान्य ब्राझीलचंच, पोर्तुगीजांनी तो इकडे आणला. ज्याची साल काढून माझं घर चालतं त्याचं माहेर नकाशात सापडल्यावर नकाशाही पाठ झाला. नवीन माहितीला आपल्या माहितीतलं काहीतरी जोडून द्यावं, मग ती टिकते.

विज्ञानात आकृत्या कोऱ्या कागदावर न बघता काढायच्या, नावं द्यायची आणि मग पुस्तकाशी ताडून बघायचं. नुसती बघितलेली आकृती पेपरात अर्धीच येते.

गणिताला यातलं फारसं काही चाललं नाही. सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवायचं, अडलं की एकच ओळ उघडून बघायची, एवढंच काय ते. भूमिती बरी गेली. बीजगणितात काठावर निभावलं, आणि वर्गसमीकरणं मला अजूनही आवडत नाहीत.