पद्मिनी रोजच्या वापरात: काम कुठवर आलं

गाडी: प्रीमियर पद्मिनी, १९९२, पेट्रोल, १०८९ सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर, एमएच-१२ पासिंग. वापर: कोथरूड ते हडपसर आणि परत, आठवड्यातले पाच दिवस. म्हणजे रॅलीची गाडी नव्हे, सिग्नलला उभी राहणारी गाडी.

पद्मिनी जिच्यावरून बनली ती इटलीतली मूळ फियाट ११०० डी का मागवली नाही, हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आधी तेवढं उरकून टाकू. पन्नास वर्षांवरची गाडी आता आयात करता येते. १९५० पूर्वीचीच हवी ही जुनी अट २०२५ मध्ये गेली. पण कस्टम ड्युटी आणि जीएसटी मिळून गाडीच्या किमतीहून जास्त पैसे जातात, आणि इथे आणल्यावर ती विकता येत नाही. खरी मेख नोंदणीत आहे. विंटेज गाड्यांच्या २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी 'व्हीए' या वेगळ्या नंबर-मालिकेत जाते: फी २० हजार, मुदत १० वर्षं. ती रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोज ऑफिसला नेणं त्यात बसत नाही. त्यामुळे रोजची जुनी गाडी हवी असेल तर आधीपासून इथेच साध्या नंबरावर असलेली शोधावी. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, त्यासोबत पर्यावरण कर. २० वर्षांवरच्या कारला फेरनोंदणीची फी आता १० हजार आहे; आयात केलेल्या कारला तीच ८० हजार. घेताना आरसी बुकावरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः वाचून ताडावा. डिझेलवरची पद्मिनी, म्हणजे १३७ डी, स्वस्तात मिळाली तरी हात लावू नये. तिच्या १३६६ सीसी इटालियन इंजिनाचे पार्ट शोधण्यात वर्ष जातं.

ब्रेक (काम पूर्ण)

चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेक ऑइलची सर्किट एकच. एक वॉशर किट फाटलं की चारही ब्रेक गेले, त्यामुळे पहिला खर्च इथेच. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा) आणि सगळे व्हील सिलिंडर (चाकापाशी शू ढकलणारे) उघडले. बोअरमध्ये नखाला लागतील असे खड्डे असतील तर नवं रबर घालून उपयोग नाही, महिन्याभरात पुन्हा पाझरतं, सिलिंडरच बदलायचा. खड्डे नसतील तर हलकं होनिंग, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं, पुरतं. नवं किट बसवताना ब्रेक ऑइलच लावायचं. ग्रीस लावलं की रबर फुगतं, आणि हे अजूनही बरेच फिटर करतात.

पुढचं डावं चाक ब्रेक सोडल्यावरही धरून ठेवत होतं. ड्रम उतरवला तर शू, स्प्रिंग, सिलिंडर सगळं ठीक. दोष चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीत, होजमध्ये, निघाला. बाहेरून नवी दिसते, आतून फुगून भोक सुईएवढं होतं: पायाच्या जोराने ऑइल आत जातं, पण स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. चाक अडकलेलं असताना ब्लीडिंग निपल (चाकामागचा हवा काढायचा स्क्रू) पाव फेरा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय, शू नाही. मग मास्टरकडचा जोड सैल करून चाक सुटतं का तेही पाहावं. सुटलं तर दोष वरचा, नाही तर होजचा. तीनही होज एकदमच बदलल्या. ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं, लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं, दर दोन वर्षांनी नवं. हवेतलं पाणी ओढल्यामुळे ते घाटात उकळतं आणि पेडल खाली बसतं.

पेट्रोल (काम पूर्ण, पण लक्ष ठेवावं लागतं)

आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथे दोन वेगळ्या अडचणी आहेत, त्यांची गल्लत करू नये.

पहिली रबराची. जुन्या काळ्या नळ्या इथेनॉलमध्ये मऊ पडतात, त्यांचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) जातात. आणि गळती सायलेन्सरच्या पाइपावर झाली तर पुढचं सांगायला नको. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळी नळी बदलली. नळीवर 'एसएई ३० आर ९' छापलेलं हवं, आतलं अस्तर व्हिटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं असतं. नुसतं 'फ्युएल पाइप' म्हणून मागितलं तर दुकानदार काहीही देतो, तेव्हा छापलेलं वाचूनच पैसे द्यावेत. पंपाचा डायाफ्राम आणि फ्लोटची नीडल व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलली. टाकीत तळाला गंज होता आणि इथेनॉल तो सोडवून पुढे पाठवतं. त्यामुळे टाकी उतरवून धुतली आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावला. पहिल्या महिन्यात तो दोनदा बदलावा लागला.

दुसरी मिश्रणाची. साध्या पेट्रोलच्या एका भागाला, वजनाने, हवा १४.७ भाग लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेच जेट ठेवलं तर मिश्रण ८-९ टक्के पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं होतं: सकाळी चोक जास्त वेळ ओढावा लागतो, चढाला गाडी अडखळते, प्लग पांढरेफटक निघतात. जेटवर १२० कोरलेलं असेल तर १२५ घालावं. भोकाचं क्षेत्रफळ तेवढंच, साडेआठ टक्के वाढतं. जेट तारेने मोठं करू नये. प्लग गॅप ०.६ मिमी, डेल्कोतल्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या) पॉइंटचा गॅप ०.४५ मिमी.

पाणी

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेलं होतं. पुण्यात हे सर्रास होतं आणि आत चुन्याचा थर बसतो. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, इंजिन गरम करून वीस मिनिटं, मग साध्या पाण्याने तीनदा धुतलं. जास्त वेळ ठेवू नये, हेड ॲल्युमिनियमचं आहे. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, आधीच्या कुणीतरी 'गरम होते' म्हणून काढून टाकला होता. तो परत बसवला. त्याच्याशिवाय डिसेंबरात इंजिन तापतच नाही आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. कात्रजचा जुना घाट मे महिन्यात दुपारी चढली, काटा मधेच राहिला.

बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढला, मारुती ८०० चा अल्टरनेटर बसवला. सिग्नलला वायपर, हेडलाइट आणि हॉर्न एकदम चालले की डायनामो बॅटरी भरू शकत नाही, त्याला फेरे लागतात. तो धरणारा कंस (ब्रॅकेट) लेथवाल्याकडून करून घेताना पुली एका रेषेत आहे का, ते पट्टी लावून बघायचं. २ मिमी फरकानेही बेल्ट महिन्यात झिजतो. डायनामोचा जुना कटआउट (चार्जिंग जोडणारा-तोडणारा रिले) काढून टाकायचा, डॅशबोर्डचा चार्जिंग दिवा मात्र ठेवायचा. तो अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट देतो. बॅटरीची मुख्य वायर १० चौरस मिमीची. रेस दिल्यावर १४ ते १४.४ व्होल्ट मिळतात.

गिअर दोन गिअरच्या मध्ये अडकतो, ही पद्मिनीची जुनीच खोड. नव्वद टक्के वेळा गिअरबॉक्स निर्दोष असतो. स्टिअरिंग कॉलमच्या खालचे नायलॉन बुश झिजलेले असतात. रस्त्यात अडकलाच तर इंजिन बंद करून बॉनेट उघडावं आणि कॉलमच्या तळाचे दोन्ही लिव्हर हाताने एका रेषेत आणावेत. बुश नाना पेठेत मिळाले. दरवाजाचं रबर आणि काचेच्या पट्ट्या बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बघाव्यात, मात्र नमुना हातात घेऊनच जायचं.

राहिलेलं: पुढच्या डाव्या बाजूचा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती उभी पिन. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवलं की टकटक येते, आणि ब्रेक दाबून धरला की थांबत नाही, म्हणजे बेअरिंग नाही. तिथलं ग्रीस निपल बुजलेलं आहे. आधी ते काढून, भोक रॉकेलने मोकळं करून बघायचं, नाही तर पिन आणि बुशचा पूर्ण सेट, रीमिंगसकट (बुशचं भोक पिनच्या मापाला आणण्यासकट).