हिरवं रान म्हणजे भारी जमीन? कोण म्हणालं!

बोरिवलीत नॅशनल पार्कच्या कडेला राहतो, पावसाळ्यात येणारा प्रत्येक पाहुणा तो डोंगर बघून एकदा तरी म्हणतोच, काय माती असेल रे इथली! अहो माती कसली. गरम हवा आणि धो धो पाऊस असतो तिथं बराचसा कस झाडांत आणि खालच्या पाचोळ्यात असतो, पाला पडला, कुजला की मुळं तो लगेच ओढून घेतात, जमिनीत शिल्लक फारसं राहतच नाही. म्हणून रान तोडून जाळलं की पहिल्या वर्षी राखेच्या जोरावर पीक झकास येतं, मग दोन-तीन पावसाळ्यांत राख वाहून जाते, उरतं ते तण. कोकणात उतारावर नाचणी-वरी दोन-चार वर्षं घेऊन वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी जमीन पडीक टाकायचे ना, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

मग लगेच कोणीतरी ब्राझीलचं नाव काढतं, तिथं नाही का एवढं सोयाबीन पिकतं! तिथला सेराडो म्हणजे सुमारे 20 लाख चौरस किलोमीटरचं झाडझुडपी माळरान, सपाट, ट्रॅक्टरला एक नंबर, पण माती आम्ल, त्यातलं अ‍ॅल्युमिनियम मुळं वाढू देत नाही आणि स्फुरद (फॉस्फरसचं खत) टाकलं तर मातीच धरून बसते, पिकाला मिळतं चिमूटभर. 1973 मध्ये एम्ब्रापा ही सरकारी संशोधन संस्था निघाली, आम्लपणा मारायला हेक्टरी टनांनी चुना, वर स्फुरदाचा मारा, आणि सोयाबीनचे वेगळे वाण, कारण विषुववृत्ताजवळ दिवस लहान म्हणून जुने वाण वीतभर वाढूनच फुलायचे. म्हणजे जमीन आयती मिळाली नाही, पैसा ओतून बनवली. (त्यात माळरान किती गेलं हा हिशोब वेगळाच.) एवढं करून 2001 ला सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग आला. कडाक्याची थंडी नाही त्यामुळे रोग मरत नाही, जिवंत रोपांवर तगून राहतो, म्हणून आता वर्षातला काही काळ शेतात सोयाबीनचं एकही जिवंत रोप दिसता कामा नये असा नियमच आहे!

आणि आमचा चुलतभाऊ गावची वरकस जेसीबीने साफ करून काजू लावणार. आपली जांभ्याची लाल मातीही आम्लच, तीही स्फुरद धरून ठेवते, वर जेसीबी जो वीतभर थर ढकलून देतो त्यातच काय तो जीव असतो. त्याला म्हटलं खड्ड्यापुरतंच साफ कर, बाकी झाडोरा राहू दे, आधी माती तपासून घे. तर म्हणतो, जेसीबीवाल्याला ॲडव्हान्स देऊन झालाय.