पाणी मानवलं नाही

रविवार, रात्रीचे साडेअकरा

हातांना अजून व्हिनेगरचा वास येतोय, दोनदा साबणाने धुऊन झाले तरी. आणि साबणावरच तर आज सगळं अडलंय.

माळ्यावरची बाबांची माशांची टाकी शेवटी काढली खाली. चिनूने महिनाभर डोकं खाल्लं होतं. दादा फोनवर म्हणाला टाकून दे गं ती, नवीन घे, मी पैसे पाठवतो. त्यावर मी काय बोलले ते राहू दे. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी, आत वाळलेलं शेवाळ, झुरळांची घाण, आणि काचेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा खरखरीत थर, वरती तर त्याची जाड रेघच झालीये, कारण बाबा पाणी बरोबर तिथपर्यंतच भरायचे.

म्हटलं हात लावायच्या आधी जरा वाचून घेऊ. तर पहिलंच वाक्य, टाकीला साबण, डिटर्जंट काहीही लावायचं नाही. थोडा जरी अंश राहिला तरी माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो.

मी तिथेच बसले खाली.

2009 ची मे महिन्याची सुट्टी. बाबा गावाला गेलेले आणि मी अतिशहाणी, त्यांना सरप्राइज द्यायचं म्हणून टाकी कपड्यांच्या पावडरने घासली, खडे घासले, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा केला आणि वर बोअरचं कशाला, बिचाऱ्यांना चांगलं पिण्याचं पाणी मिळू दे म्हणून कॉर्पोरेशनच्या नळाचं पाणी भरलं, म्हणजे क्लोरीनसकट. दोन्ही गोल्डफिश वर येऊन तोंड उघडमीट करत होते. मला वाटलं भूक लागलीये, मी अजून खाणं टाकलं. बाबा आले त्या दिवशी दोन्ही मोगऱ्याच्या कुंडीत गेले. बाबा एवढंच म्हणाले, "पाणी मानवलं नाही त्यांना."

हे त्यांना माहीत होतं का? टाकीला पावडरचा वास येत असणारच. की त्यांनी नळाच्या पाण्याबद्दलच म्हटलं होतं, अगदी सरळ अर्थाने? मला वाचवायला म्हणाले की खरंच तेवढंच वाटलं त्यांना? आता कोणाला विचारू.

असो. काम तर करायचंच होतं. जुने खडे टाकून दिले. हातमोजे घातले, कारण जुन्या टाकीतल्या एका जंतूने कापलेल्या हाताला महिनोन्महिने न जाणाऱ्या गाठी येतात म्हणे, आणि माझी बोटं कायम कुठेतरी चिरलेली असतातच. टाकी आडवी करून पांढऱ्या थरावर व्हिनेगरमध्ये भिजवलेली जुनी बनियन पसरली. दोन तासांनी जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडलं, हट्टी होतं तिथे ब्लेड, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून लांब, ते कापलं गेलं की टाकी गळणार. तारेची घासणी अजिबात नाही, काचेवर चरे पडतात.

तेवढ्यात निखिल मदतीला आले, एका हातात व्हिनेगरची बाटली आणि दुसऱ्यात ब्लीच, म्हणाले दोन्ही एकदमच ओतू, पटकन होईल. मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या काकूंनी वर बघितलं. अहो त्याचा विषारी गॅस होतो! बंद बाथरूममध्ये! मग व्हिनेगर पूर्ण धुऊन काढलं, टाकी गॅलरीत नेली आणि एक भाग ब्लीचला वीस भाग पाणी असं पंधरा मिनिटं ठेवलं. नंतर किती वेळा धुतली ते मोजलं नाही, शेवटच्या पाण्यात अँटी-क्लोरीन सढळ हाताने घातलं. वास पूर्ण जाईपर्यंत वाळवली.

ती रेघ मात्र पूर्ण गेली नाही. पुसटशी राहिली. मीही फार जोर लावला नाही.

संध्याकाळी आई मटार सोलत होती तेव्हा न राहवून सांगून टाकलं, आई, बाबांचे मासे मी मारले, साबणाने. आईने वर पण बघितलं नाही. "साबण कसला? अगं मी रात्री टाकीचा हवेचा पंप बंद करायचे. घुर्र घुर्र, झोप लागायची नाही. मला वाटलं त्यानेच गेले."

तुला कधी वाईट नाही वाटलं? "मासेच होते गं. डबा दे तो."

आणि मला हलकं वाटायच्या ऐवजी रागच आला. दुपारभर मी जपून जपून रडले होते आणि हिने माझा गुन्हा मटारच्या टरफलांबरोबर बाजूला सारला. तेही एक दाणा न सांडता. आता तर नक्की कोणी मारले हेही कळायचं नाही, साबण, क्लोरीन, पंप, की मी पिळून टाकलेला स्पंज, त्यातच तर घाण पचवणारे बॅक्टेरिया असतात. बाबांचं वाक्य सगळ्यांनाच लागू पडतं, हीच तर पंचाईत.

टाकी आता गॅलरीत सपाट जागी, खाली थर्मोकोल, त्याखाली पेपर. रेघेपर्यंत भरली, म्हणजे पन्नासेक लिटर. दोन दिवस अशीच ठेवायची, गळते का बघायला. चिनूला सांगितलं की त्यानंतरही, ते बॅक्टेरिया परत तयार होईपर्यंत, महिनाभर नुसती पाण्याची टाकी चालवायची, मासे नाहीत. तो म्हणाला मग त्यात बघायचं काय?

आत्ता उठून बॅटरी लावून पाहिलं. पेपर कोरडा आहे. पाणी रेघेच्या किंचित खाली वाटलं, पण चष्मा नव्हता.