फ्राइज थंड का होतात?

गेम-थीम कॅफे म्हटलं की लोकांना वाटतं, आमचं डोकं मशिनं दुरुस्त करण्यात जात असेल. पुण्यातल्या आमच्या कॅफेत मात्र सगळ्यात जास्त डोकं फ्राइजनी खाल्लं. क्यूआर कोडवरच्या फॉर्ममध्ये पुन्हा पुन्हा तेच यायचं: 'फ्राइज थंड, मऊ.' दोन स्टार. मालकांनी त्याची प्रिंट किचनमध्ये चिकटवली आणि फ्रायरवरच्या दादांना सगळ्यांदेखत झापलं.

मला ते अजिबात पटलं नाही. हा माणूस बटाटा दोनदा तळतो. आधी बेताच्या तापलेल्या तेलात, मग पूर्ण गार करून कडक तेलात. मीठ घालणार ते तेल निथळत असतानाच. प्लेट पासवर, म्हणजे किचनच्या काउंटरवर, आली की लगेच बेल, आणि रनर, म्हणजे टेबलावर नेणारा पोरगा, ती उचलेपर्यंत दादांची नजर तिच्यावरून हलत नाही.

शनिवारी गर्दीच्या आधी मी केओटी, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, काढून तक्रारी टेबलांशी जुळवल्या. जवळपास सगळ्या प्लेस्टेशनच्या सोफ्यांवरच्या निघाल्या. पॅक-मॅनच्या मशिनीवरून एकही नाही. तेल तेच, दादाही तेच.

मग संध्याकाळी फ्लोअरवरच उभा राहिलो. पॅक-मॅन 1980 चा खेळ, तोरू इवातानींनी केलेला. खेळायला एक जॉयस्टिक, सुरू करायचं बटण सोडलं तर दुसरं बटण नाही. म्हणजे एक हात कायम मोकळा. पोरं खेळता खेळता गरम फ्राइज संपवतात. सोफ्यावर फुटबॉल चालू. आमच्याकडे सहा मिनिटांचा हाफ लावलेला असतो. दोन्ही अंगठे स्टिकवर, बोटं ट्रिगरवर. प्लेट आली, कोणी वळूनही पाहिलं नाही. मॅच संपेपर्यंत वाफेनं फ्राइज लोळागोळा. मधेच एकानं दोन उचलल्या, आणि पेरी-पेरी मसाल्याचा तोच अंगठा परत स्टिकवर. तो मसाला स्टिकच्या बुडाशी साठतो, आत उतरतो आणि मग स्क्रीनवरचा खेळाडू हात न लावता आपोआप चालू लागतो. 'कंट्रोलर खराब' ही फॉर्ममधली दुसरी तक्रार आम्ही इतके दिवस टेक्निशियनच्या खात्यात टाकत होतो. मूळ एकच!

त्याच संध्याकाळी केओटीवर 'हाफटाइम' असा शेरा सुरू केला. सोफ्याची ऑर्डर आली की दादा पहिलं तळण करून थांबतात, रनर स्क्रीनवरचं घड्याळ बघून खूण करतो, मग दुसरं तळण. मसाला वरून भुरभुरायचा नाही, वाटीत डिपमध्ये. सोबत लाकडी काटे. सोफ्यांवरून प्लेटा रिकाम्या परत यायला लागल्या. दर हाफटाइमला एखादा रनर अडकून पडतो, पण ते परवडतं.

मालकांना सगळं दाखवलं, त्यांना पटलंही. पण दादांना त्यांनी ते सांगितलं ऑफिसात बोलावून, दार लावून. झापलं होतं सगळ्या किचनसमोर. मला हे अजून खटकतं. ती प्रिंट मीच काढून टाकली.

फॉर्ममध्ये 'पदार्थ आला तेव्हा तुमचा खेळ चालू होता का?' एवढा एकच प्रश्न घाला म्हणून मी मागे लागलोय. मालक म्हणतात, फॉर्म लांबला की कोणी भरत नाही. तेही खरंच आहे. मग 'आमची थीम कशी वाटली?' हा प्रश्न काढा, त्याला सगळेच पाच स्टार देतात.